बोट चालली तर कालवा जगतो : इनलँड वॉटरवेज असोसिएशनची आठ दशके

१५ फेब्रुवारी १९४६ रोजी लंडनच्या गॉवर स्ट्रीटवरील एका घरात एका संस्थेची स्थापना झाली. रॉबर्ट एकमन कार्याध्यक्ष झाले, चार्ल्स हॅडफील्ड उपकार्याध्यक्ष, टॉम रोल्ट मानद चिटणीस आणि फ्रँक आयर खजिनदार. महायुद्ध संपून जेमतेम सहा महिने झाले होते. अन्नधान्य रेशनवर मिळत होते आणि बाँबहल्ल्यांत पडलेली घरे अजून उभी राहायची होती. अशा वेळी या मंडळींनी हाती घेतलेला प्रश्न कुणालाही बिनमहत्त्वाचा वाटला असता. इंग्लंडमधले दीड-दोनशे वर्षांचे जुने कालवे वाचवायचे, आणि तेही त्यांतून बोटी चालत्या ठेवून, असे त्यांनी ठरवले होते. संस्थेचे नाव ठेवले इनलँड वॉटरवेज असोसिएशन.

आज इंग्लंडच्या ग्रामीण भागातून लांबलचक, अरुंद बोटी संथपणे जाताना दिसतात. कोणी त्यांतून सुट्टी घालवते, तर कित्येकांचे ते बारमाही घर आहे. हे जलमार्ग सरकारच्या दूरदृष्टीने टिकले, असा बाहेरून आलेल्या पाहुण्याचा समज होऊ शकतो. प्रत्यक्षात सरकार, रेल्वे कंपन्या आणि नगरपालिका यांतल्या बऱ्याच जणांना ते बुजवायचे होते. ते टिकले ते सामान्य नागरिकांच्या चिवटपणामुळे, आणि त्या चिवटपणाला दिशा दिली या संस्थेने.

कोळशासाठी खणलेले पाणी

आपल्याकडे कालवा धरणाचे पाणी शेतापर्यंत नेतो. इंग्लंडमधले हे कालवे मालाच्या वाहतुकीसाठी खणले गेले. ब्रिजवॉटरच्या ड्यूकची वर्स्ली येथे कोळशाची खाण होती. तिथून मँचेस्टरकडे जाणारा कालवा १७६१ मध्ये सुरू झाला आणि मँचेस्टरमधला कोळशाचा भाव निम्म्यावर आला. या कालव्यावर नावारूपाला आलेले जेम्स ब्रिंडली यांनी पुढे ट्रेंट आणि मर्सी या नद्यांना जोडणारा कालवा आखला. चिनी मातीची भांडी बनवणारे जोसाया वेजवूड या योजनेचे मोठे पुरस्कर्ते होते, कारण खाचखळग्यांच्या रस्त्यावरून नेताना त्यांची भांडी फुटत. तो कालवा १७७७ मध्ये पूर्ण झाला तेव्हा ब्रिंडली हयात नव्हते, पण त्यांनी ठरवलेली मापे कायम राहिली. लॉक, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेणारा दोन्ही टोकांना दारे असलेला हौद, सुमारे ७२ फूट लांब आणि ७ फूट रुंद. त्यात मावायची म्हणून बोट सात फुटांहून थोडी कमी रुंद आणि लांबीला सत्तर फुटांपर्यंत. हीच नॅरोबोट.

घोडा पाठीवरून सुमारे सव्वा क्विंटल माल नेई. काठावरच्या पायवाटेने चालत तोच घोडा पंचवीस-तीस टनांची बोट दोराने ओढू शके. एवढ्या फरकामुळे १७९० च्या दशकात देशभर कालव्यांच्या शेअर्सची झुंबड उडाली. जलमार्गांचे हे जाळे भरात असताना सुमारे चार हजार मैलांचे होते. मग रेल्वे आली. रेल्वे कंपन्यांनी अनेक कालवे विकत घेतले आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष केले. बाथमार्गे लंडन आणि ब्रिस्टल जोडणारा केनेट अँड एव्हन कालवा १८५२ मध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या ताब्यात गेला, तो याच रीतीने.

स्पर्धेत टिकण्यासाठी नावाड्यांनी मजुराचा पगार वाचवला आणि बायकामुलांना बोटीवर आणले. मालासाठी जागा हवी, म्हणून अख्खे कुटुंब आठ-दहा फुटांच्या खोलीत राही. त्या खोलीत कोळशाची चूल, भिंतीतून उघडणारा पलंग, फळी खाली ओढली की होणारे टेबल, आणि पाण्याच्या भांड्यावर, दारावर, खुर्चीवर रंगवलेले गुलाब आणि किल्ले असत. मुलांना शाळा मिळत नसे. त्यांच्या हालांविषयी समाजसुधारक जॉर्ज स्मिथ यांनी आवाज उठवला, तेव्हा १८७७ मध्ये बोटींच्या नोंदणीचा आणि तपासणीचा कायदा झाला. या जीवनात कष्ट अपार होते. हे जीवन ओसरू लागले तेव्हा त्याची नोंद घेण्याची गरज एका इंजिनिअरला वाटली.

क्रेसी आणि एक पुस्तक

तो इंजिनिअर म्हणजे टॉम रोल्ट. त्यांचा जन्म १९१० चा. नातेवाइकाकडची ‘क्रेसी’ नावाची जुनी मालवाहू बोट त्यांनी घेतली आणि ऑक्सफर्ड कालव्याच्या काठी बॅनबरी येथे टूली कुटुंबाच्या गोदीत ती राहण्याजोगी करून घेतली. जुलै १९३९ मध्ये अँजेला ऑरेड यांच्याशी लग्न करून त्याच महिन्यात ते दोघे बोटीने निघाले. मिडलँड्स परगण्यांतून सुमारे चारशे मैलांचा हा प्रवास सुरू असतानाच महायुद्धाला तोंड फुटले.

वाटेत भेटलेले नावाडी, लॉकवरचे रखवालदार, गुत्त्यांतल्या गप्पा, गावांची बदलती बांधणी आणि वाढत्या शेवाळाने कोंडलेले कालवे हे सारे रोल्ट यांनी लिहून काढले. प्रकाशकांनी हस्तलिखित परत पाठवले. ग्रामजीवनावर लिहिणारे एच. जे. मॅसिंगहॅम यांनी शब्द टाकला तेव्हा १९४४ च्या डिसेंबरमध्ये ‘नॅरो बोट’ हे पुस्तक निघाले. युद्धाने थकलेल्या वाचकांना त्यात आपल्याच देशाचा न पाहिलेला चेहरा दिसला. रोल्ट यांच्याकडे पत्रांचा ओघ सुरू झाला. त्यांतले एक पत्र लंडनच्या रॉबर्ट एकमन यांचे होते.

क्रेसी तेव्हा वूस्टर अँड बर्मिंगहॅम कालव्यावर टार्डबिग येथे बांधलेली होती. या ठिकाणी ओळीने तीस लॉक आहेत, आणि सलग लॉकची ब्रिटनमधली ही सर्वांत लांब ओळ आहे. १९४५ च्या ऑगस्टमध्ये एकमन तिथे आले. रोल्ट यंत्रांवर प्रेम करणारे, शांत, हाताने काम करणारे. एकमन नाटक, संगीत आणि साहित्यात रमणारे, वक्तृत्वाने समोरच्याला जिंकणारे. पुढे एकमन यांनी गूढकथाकार म्हणूनही नाव मिळवले. स्वभाव असे दोन टोकांचे असले तरी कालव्यांसाठी संघटना उभारायची यावर दोघांचे एकमत झाले, आणि सहा महिन्यांत गॉवर स्ट्रीटची सभा झाली.

संस्थेला सुरुवातीपासून मोठी माणसे लाभली. खासदार आणि लेखक ए. पी. हर्बर्ट यांनी अध्यक्षपद भूषवले. पक्षितज्ज्ञ पीटर स्कॉट हे उपाध्यक्षांपैकी एक होते. पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेल्या एलिझाबेथ जेन हॉवर्ड यांनी काही काळ संस्थेच्या कार्यालयाचे काम पाहिले. पत्रे लिहिणे, वृत्तपत्रांतून आवाज उठवणे आणि संसदेत प्रश्न विचारायला लावणे ही पहिल्या वर्षांची कामे होती. एका पुलाने मात्र संस्थेला तिचे खरे हत्यार दाखवले.

पूल उचलावा लागला

बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला स्ट्रॅटफर्ड कालव्यावर लिफर्ड लेन येथे पूर्वी बोटीसाठी उघडणारा पूल होता. तो नादुरुस्त झाल्यावर कालव्याची मालक असलेल्या रेल्वे कंपनीने त्या जागी न उघडणारा ठेंगणा पूल बसवला. त्यामुळे कालवा बंद झाल्यासारखाच होता. पण हे कालवे संसदेच्या कायद्यांनी बनलेले, आणि त्यांतून बोट नेण्याचा हक्क लोकांना त्याच कायद्यांनी दिलेला. संस्थेच्या सांगण्यावरून लॉर्ड्सच्या सभागृहात लॉर्ड मेथुएन यांनी प्रश्न विचारला. उत्तर मिळाले की बोट न्यायची आगाऊ सूचना मिळाल्यास पूल उचलून दिला जाईल.

रोल्ट यांनी लगेच तशी सूचना दिली. २० मे १९४७ रोजी क्रेसी पुलापाशी आली. रेल्वेच्या माणसांनी जॅक लावून अख्खा पूल वर उचलला आणि पत्रकारांच्या देखत क्रेसी त्याखालून गेली. गाळ, पाणवेली आणि टाकाऊ सामान यांतून वाट काढत ती पुढे सरकली. मागोमाग इतरांनीही तशाच सूचना द्यायला सुरुवात केली. प्रत्येक सूचनेला पूल उचलणे परवडेना, तेव्हा शेवटी तिथे पुन्हा उघडणारा पूल बसवावा लागला.

पुढच्या सगळ्या लढ्यांचे सूत्र याच घटनेत सापडते. कागदावरचा हक्क वापरला नाही तर तो मरतो. प्रत्येक बोट जाते तेव्हा त्या हक्काचे नूतनीकरण होते. म्हणून संस्थेने सभासदांना देणगी मागितली तशी बोट बाहेर काढण्याचीही विनंती केली. नकाशावर बंद पडत चाललेल्या कालव्यांतून मुद्दाम सफरी काढायच्या, गाळात रुतायचे, दोर लावून बोट ओढायची आणि पलीकडे पोहोचायचे. मौजेसाठी निघालेले लोक अशा रीतीने एका चळवळीचे कार्यकर्ते झाले.

मार्केट हार्बरो : यश आणि फूट

१ जानेवारी १९४८ पासून देशातले बहुतेक कालवे राष्ट्रीयीकरणाखाली आले. मालक बदलला, पण कालव्यांकडे पाहण्याची नजर बदलली नाही. लोकांना कालवे दाखवायचे, या हेतूने संस्थेने १९५० च्या ऑगस्टमध्ये लेस्टरशायरमधल्या मार्केट हार्बरो येथे बोटींचा मेळावा भरवला. शंभराहून अधिक बोटी आल्या आणि सुमारे ५०,००० लोकांनी त्या पाहिल्या. ज्या गावाने कालव्याकडे पाठ फिरवली होती, तिथली कुटुंबे पोरांना खांद्यावर घेऊन काठावर उभी राहिली. बोटींच्या राष्ट्रीय मेळाव्यांची परंपरा इथून सुरू झाली. मेळावा मुद्दाम संकटातल्या कालव्यावर भरवायचा, म्हणजे तिथवर बोटी जाऊ शकतात हे सिद्ध होते, हा पायंडाही पुढे पडला.

त्याच काळात संस्थेत फूट पडली. रोल्ट यांचे म्हणणे होते की ताकद मर्यादित आहे, तेव्हा ज्या कालव्यांवर अजून मालवाहतूक आणि नावाड्यांची कुटुंबे आहेत, ते आधी वाचवा. एकमन एका मैलावरही पाणी सोडायला तयार नव्हते. आज एक कालवा सोडला तर उद्या दुसरा मागतील, असा त्यांचा युक्तिवाद होता. मतभेद विकोपाला गेले आणि १९५१ मध्ये रोल्ट यांना संस्थेतून काढण्यात आले. हॅडफील्डही दुरावले.

या भांडणाचा निवाडा काळाने केला, आणि तो कोणा एकाच्या बाजूने नव्हता. रोल्ट यांना जे जग वाचवायचे होते ते वाचले नाही. १९६२-६३ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठले, बोटी जागच्या जागी अडकल्या, आणि नॅरोबोटींची बरीचशी मालवाहतूक त्यानंतर पुन्हा उभी राहिली नाही. ॲथरस्टनचा कोळसा लंडनजवळच्या साउथॉल येथील मुरंब्याच्या कारखान्याला पुरवणारी अखेरची नियमित दूरची फेरी १९७० मध्ये थांबली. एकमन यांचा हट्ट मात्र फळाला आला, कारण त्या काळी वेडेपणा वाटलेले कितीतरी मैल पुढे खुले झाले. पण पुस्तक लिहून हजारोंना कालव्याकडे वळवणारे रोल्टच होते. संस्थेबाहेर पडल्यावर त्यांनी वेल्समधली टॅलिलिन रेल्वे स्वयंसेवकांच्या बळावर चालू ठेवली, आणि जगभरच्या जुन्या रेल्वेमार्गांच्या जतनाला तिथून चालना मिळाली. हॅडफील्ड यांनी १९६० मध्ये डेव्हिड अँड चार्ल्स ही प्रकाशनसंस्था काढण्यात भाग घेतला आणि ब्रिटिश कालव्यांचा पद्धतशीर इतिहास लिहून घेतला. फुटीतून बाहेर पडलेल्यांनीही चळवळीची सेवाच केली, हे मोठ्या मनाने मान्य करायला हवे.

स्ट्रॅटफर्डचे तेरा मैल

शेक्सपियरचे जन्मस्थान पाहायला जाणारे अनेक मराठी प्रवासी स्ट्रॅटफर्डमध्ये नाट्यगृहाजवळच्या बागेत रंगीत बोटींचे फोटो काढतात. ते पाणी १९५८ मध्ये बुजवले जाण्याच्या बेतात होते. कालव्यावरच्या एका पुलाची डागडुजी करण्याचा खर्च वाचावा, म्हणून परगण्याच्या प्रशासनाने दक्षिणेकडचा तेरा मैलांचा भाग कायमचा बंद करण्याची परवानगी मागितली. तीन वर्षांत इथून कोणी बोट नेली नाही, हा त्यांचा मुख्य आधार होता. पण दोन जण छोट्या कनू घेऊन तिथून गेले होते आणि रीतसर पैसे भरल्याची पावती त्यांच्याकडे होती. बंद करण्याची परवानगी नाकारली गेली.

१९६० मध्ये वारसास्थळे जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने हा भाग भाडेपट्ट्याने घेतला. डेव्हिड हचिंग्ज यांच्या देखरेखीखाली स्वयंसेवक, लष्करातले जवान आणि तुरुंगातले कैदी यांनी छत्तीस लॉक दुरुस्त केले आणि गाळ उपसला. ११ जुलै १९६४ रोजी राजमातेच्या हस्ते कालवा पुन्हा खुला झाला. सरकारी यंत्रणेच्या अंदाजापेक्षा फार कमी पैशांत हौशी माणसे हे काम करू शकतात, याचा धडधडीत पुरावा देशाला मिळाला. त्याच परिसरात एव्हन नदीच्या खालच्या भागावर १९५० पासून डग्लस बार्वेल यांच्या पुढाकाराने असेच काम सुरू होते, आणि वरचा भाग हचिंग्ज यांनी १९७४ मध्ये पूर्ण केला.

फावडी आणि गमबूट

१९६७ मध्ये परिवहनमंत्री बार्बरा कॅसल यांनी कालव्यांचे मनोरंजनासाठी असलेले मोल मान्य करणारे धोरण मांडले. १९६८ च्या कायद्याने कालव्यांचे तीन गट पाडले. पहिला मालवाहतुकीचा, दुसरा सफरींचा आणि तिसरा उरलेल्यांचा. या तिसऱ्या गटातल्या कालव्यांवर कमीत कमी खर्च करायचा, असे ठरले. म्हणजे ते बुजवायलाही मोकळीक होती. संस्थेचा खरा कस या तिसऱ्या गटाने पाहिला.

मँचेस्टरमधला ॲश्टन कालवा त्यातलाच होता. गिरण्यांच्या मागच्या भिंतींमधून जाणारे हे पाणी म्हणजे शहराचा उकिरडा झाला होता. १९६८ च्या एका शनिवार-रविवारी सहाशेहून अधिक स्वयंसेवकांनी त्यातून सुमारे २,००० टन कचरा काढला. सायकली, पलंग, गाद्या, लोखंडी सामान आणि काळा चिकट गाळ असे काय काय त्यात होते. हे घडवून आणणारे ग्रॅहॅम पामर यांनी १९७० मध्ये संस्थेच्या छत्राखाली ‘वॉटरवे रिकव्हरी ग्रुप’ उभा केला. १९७२ मध्ये हजारभर लोक पुन्हा ॲश्टनवर उतरले. १९७४ मध्ये ॲश्टन आणि त्याला जोडलेला पीक फॉरेस्ट कालव्याचा खालचा भाग खुला झाला, आणि चेशरमधून फिरून परत येणारा वर्तुळाकार जलमार्ग पुरा झाला.

तेव्हापासून आजवर उन्हाळ्यात या गटाची श्रमशिबिरे भरतात. विद्यार्थी, शिक्षक, निवृत्त बँक कर्मचारी, संगणकावर काम करणारी मंडळी आठवडाभर एखाद्या गावच्या सभागृहात जमिनीवर झोपतात आणि दिवसा विटा रचतात, चुन्याचा गिलावा करतात, झाडांची मुळे खणून काढतात. आपल्या हयातीत या लॉकमध्ये बोट येईलच, याची खात्री नसताना ते हे काम करतात. या संस्थेबद्दल मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो याच गोष्टीसाठी.

आणि बोटी येतात. केनेट अँड एव्हन वाचवण्यासाठी १९५६ मध्ये हजारो सह्यांचे निवेदन जलमार्गानेच लंडनला नेले होते. चौतीस वर्षांनी, ८ ऑगस्ट १९९० रोजी, डिव्हायझिसजवळ केन हिलच्या एकोणतीस लॉकच्या चढणीवर राणी एलिझाबेथ यांच्या उपस्थितीत तो कालवा खुला झाला. पेनाइन डोंगर ओलांडणारा हडर्सफील्ड कालवा १९४४ मध्ये बंद केला होता आणि त्याचे काही लॉक पुरले होते, काहींवर इमारती उभ्या राहिल्या होत्या. त्यावरचा पाच किलोमीटरहून लांब स्टँडेज बोगदा ब्रिटनमधल्या कालव्यांवरचा सर्वांत लांब बोगदा आहे. हा कालवा २००१ मध्ये सुरू झाला. त्याच्या शेजारचा रॉचडेल २००२ मध्ये सुरू झाला. त्याच्या वाटेत एम-६२ महामार्ग आडवा आला होता, तेव्हा शेतकऱ्यासाठी ठेवलेल्या भुयारी वाटेतून कालवा वळवून नेला. संस्थेच्या स्थापनेनंतर असे ५०० मैलांहून अधिक जलमार्ग पुन्हा बोटींसाठी खुले झाले आहेत.

बोटीवरचा संसार

हे सगळे कशासाठी, याचे उत्तर बोटीवर मिळते. आतली रुंदी हात पसरले की संपते. एका ओळीत स्वयंपाकघर, बैठक, न्हाणी आणि पलंग. मधोमध लाकूड आणि कोळशावर चालणारी शेगडी. इंग्लंडच्या हिवाळ्यात ती रात्रभर धगधगती ठेवणे ही एक कलाच आहे. पाणी टाकीत भरायचे, ते ठरलेल्या नळावर पाइप लावून. संडासाची टाकी रिकामी करायची, तीही ठरलेल्या जागी. कोळसा, डिझेल आणि गॅसची टाकी घेऊन येणाऱ्या बोटी असतात आणि त्यांची वाट पाहिली जाते. वीज बहुतेकांच्या छतावरच्या सौर पट्ट्यांतून येते.

वेगाची मर्यादा ताशी चार मैल, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाएवढी. बांधलेल्या बोटींजवळून जाताना त्याहूनही हळू, नाहीतर लाटेने त्यांचे खुंटे उपटतात. त्यामुळे प्रवासाचा हिशेब मैल आणि लॉक मिळून करतात. ऑक्सफर्ड कालवा टेकड्यांच्या उताराला धरून वळणे घेत जातो. क्लेडन आणि मार्स्टन डोल्स यांच्यामधल्या अकरा मैलांच्या माथ्यावरच्या टप्प्यात वर्मलीटन हे गाव कधी उजवीकडे तर कधी डावीकडे दिसत राहते आणि तास उलटला तरी नजरेआड होत नाही. काठाला काटेरी कुंपणे, पलीकडे मेंढ्या, मध्ययुगीन नांगरटीच्या सऱ्या अजून दाखवणारी कुरणे, पाण्यावर टपून बसलेला बगळा. जुन्या विटांच्या पुलांच्या कोपऱ्यांवर घोड्यांच्या दोरांनी घासून पडलेल्या खोल खाचा हाताने चाचपता येतात.

लॉक आला की एक जण बोटीवर सुकाणूपाशी थांबतो आणि दुसरा हातात विंडलास ही लोखंडी किल्ली घेऊन काठावर उतरतो. वर चढायचे असेल तर बोट आत घेऊन खालची दारे लावायची. मग वरच्या बाजूच्या दांड्यावर किल्ली बसवून फिरवायची. दातेरी पट्टी खटखटत वर येते, पाण्याखालची झडप उघडते आणि पाणी उसळत आत येते. बोट पुढे-मागे हिसके देते, म्हणून झडप बेताने उघडावी लागते. दोन्हीकडचे पाणी समपातळीत आले की दाराच्या लांब ओंडक्याला पाठ लावून, पायांनी विटांच्या कडांवर जोर देत रेटायचे. पाणी इंचभर जरी कमी असले तरी दार हलत नाही. समान झाले की एकटी बाईसुद्धा काही टनांचे दार उघडते. निघताना झडपा पाडायच्या आणि दारे लावायची. एका अरुंद लॉकला दर वेळी सुमारे सव्वा लाख लिटर पाणी लागते. ते डोंगरातल्या तलावांतून येते आणि त्यात निष्काळजीपणा खपत नाही.

समोरून बोट येत असेल तर तिच्यासाठी दार उघडे ठेवतात. अडलेल्याला मदत करायला कुणी बोलवावे लागत नाही. कायमची बांधायची जागा नसलेल्या बोटींनी १९९५ च्या कायद्यानुसार एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त राहायचे नाही. त्यामुळे डॉक्टर, टपाल, मुलांची शाळा, नोकरी या सगळ्यांची घडी बसवणे कठीण जाते. हिवाळ्यात दुरुस्तीसाठी कालव्याचे भाग बंद ठेवतात, तेव्हा कुठे अडकायचे हे आधीच ठरवावे लागते. घरांच्या किमती भरमसाट वाढल्यापासून परवडते म्हणून बोटीवर राहायला आलेली तरुण मंडळीही पुष्कळ आहेत. हा संसार सुखासीन नाही, पण त्यात शेजार आहे.

आजचे प्रश्न

कालवे सरकारी खात्याकडून काढून स्वतंत्र सार्वजनिक न्यासाकडे द्यावेत, ही संस्थेची जुनी मागणी होती. २ जुलै २०१२ रोजी ‘कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट’ सुरू झाला आणि इंग्लंड व वेल्समधले सुमारे २,००० मैलांचे जलमार्ग त्याच्याकडे आले. या पाण्यांवर आज सुमारे ३५,००० परवानाधारक बोटी आहेत. औद्योगिक क्रांतीच्या भरातही एवढ्या नव्हत्या, असे ट्रस्ट सांगतो.

पण बांधकाम अडीचशे वर्षांचे आहे. १ ऑगस्ट २०१९ रोजी डर्बीशरमध्ये व्हेली ब्रिज गावाच्या माथ्यावरच्या टॉडब्रुक तलावाचा सांडवा अतिवृष्टीत खचला आणि सुमारे दीड हजार लोकांना घरे सोडावी लागली. कालव्याला पाणी पुरवणारा हा तलाव एकोणिसाव्या शतकातला आहे. अशा वास्तूंची निगा राखण्याचा खर्च वाढत असताना २०२३ मध्ये सरकारने २०२७ नंतरचे अनुदान दर वर्षी पाच टक्क्यांनी घटवण्याचे जाहीर केले. संस्थेने शंभराहून अधिक संघटनांना एकत्र करून त्याविरुद्ध मोहीम उभी केली आहे. २०२४ पासून कायमची जागा नसलेल्या बोटींच्या परवान्यावर अधिभार आला. त्यावरून बोटीवर राहणाऱ्यांत नाराजी आहे, आणि ती दूर करण्यासाठी सर्वांनी एकत्र बसण्याची गरज आहे. कालव्याला पैसा हवा हे खरे. पण त्यावर बारा महिने राहणारी माणसे हीच त्याची सर्वांत जागरूक राखणदार आहेत, हेही तितकेच खरे.

रोल्ट १९७४ मध्ये गेले, एकमन १९८१ मध्ये, हॅडफील्ड १९९६ मध्ये. संस्थेचे काम आता त्यांना कधीही न भेटलेल्या माणसांकडे आहे, आणि ते नेटाने चालले आहे. संस्थेच्या यशाची मोठी बाजू मला ही वाटते की तिने कालव्याला काचेच्या कपाटात ठेवले नाही. वापर हेच जतन, हे तत्त्व तिने पुलाखालून, गाळातून आणि कायद्याच्या कागदांतून सिद्ध केले. आपल्याकडच्या पायविहिरी, घाटवाटा, जुनी तळी यांच्यासाठी झटणाऱ्यांनी हे तत्त्व जरूर पारखून पाहावे.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना एक विनंती. तुमच्या घराजवळून कालवा जात असण्याची शक्यता मोठी आहे. स्लाउमधला कालवाही बुजवण्याची वेळ आली होती. लोकांनी विरोध केला म्हणून १९७५ मध्ये तो पुन्हा खुला झाला. काठावरची वाट चालायला पैसे पडत नाहीत. मुलांना घेऊन जा. लॉकवर कोणी एकटे दार रेटत असेल तर विचारून हात लावा. जमेल तेव्हा एखाद्या श्रमशिबिरात आठवडा द्या. तिथे नवख्यालाही फावडे मिळते आणि शिकवणारेही भेटतात.

भाड्याची बोट घेऊन निघालात तर एक पथ्य पाळा. प्रत्येक लॉक सोडताना मागे वळून झडपा खाली आहेत आणि दारे लागली आहेत, याची खात्री करा. तेवढे केलेत तरी संस्थेच्या कामाला तुमचा हात लागला.